एकीला सांगितलं, पाचांना कळलं

आमच्या आरोग्य केंद्रात आता एका माणसाला पाच माणसं बघतात, आणि माझ्या वडिलांचं म्हणणं असं, की त्यातला डॉक्टर नक्की कुठला ते कुणीतरी एकदा स्पष्ट सांगून टाकावं.

माझे वडील म्हणजे शमसुद्दीन. गावात सगळे त्यांना पाक शम, म्हणजे शमकाका, म्हणतात, मी अबाह म्हणते. गेली कित्येक वर्षं ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. गावातल्या अर्ध्या बायाबापड्या लहानपणी त्यांच्या व्हॅनमधून शाळेत गेलेल्या आहेत. साखरेचा आजारही जुनाच. पूर्वी त्याचं काही अवघड नव्हतं. नंबर घ्यायचा, बाकावर बसायचं, म्हाताऱ्या डॉक्टरांसमोर जायचं, त्यांची दोन बोलणी खायची आणि गोळ्यांची पिशवी घेऊन घरी यायचं. ते डॉक्टर निवृत्त झाले आणि केंद्रात ‘गट’ आला. आता डॉक्टर थिलगा आहेत, साखरेच्या पेशंटांसाठी वेगळी नर्स आहे, औषधं समजावणारा एक मुलगा आहे, आहार सांगणारी एक मुलगी आहे, आणि पायाची बोटं टोचून बघणारा एक गृहस्थ आहे. अबाहंना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा हे सगळे एकदम त्यांच्या वाट्याला आले.

“हा माझा गट आहे म्हणे,” अबाह पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाले. “मी कधी निवडला?”

“निवडायचा नसतो, अबाह. तो असतो.”

“नातेवाइकांसारखा,” ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

त्यांना केंद्रात न्यायचं काम माझं. भाऊ लांब जोहोरला असतो आणि तिथून फोनवर सल्ले देतो. माझं शिवणाचं दुकान आहे; ईद जवळ आली की मला जेवायला फुरसत नसते. पण केंद्रात गेलं की सकाळ संपलीच. या खोलीतून त्या खोलीत, आणि प्रत्येक खोलीत तेच प्रश्न. सकाळी काय खाता? इंजेक्शन वेळेवर घेता का? चक्कर येते का? झोप लागते का? अबाह पहिल्या खोलीत नीट उत्तरं द्यायचे. दुसऱ्या खोलीत थोडी तोडून. पुढच्या खोलीत मी कान देऊन ऐकलं तर उत्तरंच निराळी.

“तुम्ही तिला सांगितलंत की तुम्ही रोज संध्याकाळी चालता,” मी बाहेर आल्यावर म्हणाले. “कुठे चालता?”

“पुन्हापुन्हा तेच सांगून कंटाळा येतो,” अबाह म्हणाले. “म्हणून मी थोडं बदलून सांगतो. तिलाही बरं वाटतं.”

“अहो, ते सगळे एकत्र बसून बोलतात तुमच्याबद्दल.”

“बोलू देत. दुसरं काय काम आहे त्यांना?”

त्या सगळ्या गटात त्यांचं एकीशीच जमायचं. ती म्हणजे नर्स हस्लिंदा. शाळेत ती माझ्या पुढच्या वर्गात होती, म्हणून मी तिला काक लिन, म्हणजे लिनताई, म्हणते. तीसुद्धा लहानपणी अबाहंच्या व्हॅनमधून जायची. पुढच्या सीटसाठी भांडायची. अबाह तिच्या खोलीत गेले की लवकर बाहेर यायचे नाहीत. मी बाहेर बसून मनातल्या मनात बाह्या कापत असायची आणि आतून हसण्याचे आवाज यायचे. एक तरी माणूस त्यांना तिथे आपला वाटतो, हे मला बरं वाटायचं.

मग एके दिवशी आम्ही तपासणीला गेलो आणि डॉक्टर थिलगांनी हस्लिंदाच्या आधी स्वतःच बोलावलं. त्या तरुण आहेत, हळू बोलतात, आणि वाईट बातमी सांगताना चष्मा काढून ठेवतात. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“पाक शम, साखर अशी एकदम उतरत असेल तर सध्या मुलांची व्हॅन चालवता येणार नाही.”

मी अबाहंकडे पाहिलं. अबाह डॉक्टरांकडे पाहत होते.

“कुणाची साखर उतरते?” ते म्हणाले.

“तुमची. गेल्या महिन्यात रबराच्या मळ्याजवळ व्हॅन गटाराच्या कडेला गेली. आमच्या बैठकीत हे निघालं.”

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला ते तिथे, त्या खुर्चीत बसून कळलं. सकाळच्या फेरीत त्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम फुटला, आणि क्षणभर हा रस्ता कुठला तेच त्यांना कळेना. पुढचं चाक गटाराच्या कडेवर चढलं. मागे मुलं खिदळली. त्यांना वाटलं पाक शम गंमत करताहेत. अबाहंनी गाडी थांबवली, एका मुलाच्या बाटलीतलं गोड सरबत मागून प्यायले, थोडा वेळ बसले आणि सगळ्यांना शाळेत सोडलं. घरी येऊन मला अक्षर बोलले नाहीत. हस्लिंदाला मात्र सांगितलं. कारण ती आपली.

अबाह उठले. “मी एका माणसाला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पाचांना नव्हतं.”

“पाक शम, आम्ही एकत्रच काम करतो. एकीला कळलं की—”

“ते आता समजलं,” म्हणाले आणि दार उघडून चालायला लागले. हस्लिंदाच्या खोलीचं दार उघडं होतं. ती उभी राहिली. ते तिच्याकडे न बघता गेले.

आणि आम्ही आलो होतो कशातून? त्याच व्हॅनमधून. डॉक्टरांनी चालवू नका सांगितल्यावर तेच चालवत मला घरी घेऊन आले, आणि मी सबंध रस्ता हँडब्रेकवर हात ठेवून बसले. मला चालवता येते. मागितली तर किल्ली दिली नाही.

त्याच दुपारी मी दुकान बंद करून एकटी परत केंद्रात गेले. कुणावर जास्त रागवावं हे मला ठरवता येत नव्हतं. हस्लिंदा जेवायच्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात डबा उघडून बसली होती.

“काक लिन, त्यांनी तुला विश्वासानं सांगितलं होतं.”

“मागे मुलं होती, लैला,” ती म्हणाली. “हे मी पोटात ठेवायचं?”

“पोटात ठेव कोण म्हणतंय? आधी त्यांना सांगायचं होतंस, की हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल. त्यांच्या तोंडावर.”

“तोंडावर सांगितलं असतं तर ते परत आले नसते.”

“आता तरी कुठे येणार आहेत?”

ती बराच वेळ भात चिवडत राहिली. “सांगितलं त्याचं मला वाईट वाटत नाही,” ती शेवटी म्हणाली. “त्यांना न विचारता सांगितलं, त्याचं वाटतं. मला वाटलं डॉक्टर माझं नाव काढणार नाहीत.”

“नाव काढलं नाही. पण अबाहंनी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं ना.”

मी तिथून डॉक्टर थिलगांकडे गेले, तर त्या म्हणाल्या हा गटाचा निर्णय आहे. औषधाच्या खिडकीतल्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला डॉक्टरांना विचारा. हे त्या केंद्राचं मला कधीच समजलेलं नाही. काम करायला पाच जण आणि जाब द्यायला एकही नाही.

रात्री मी व्हॅनची किल्ली माझ्या शिलाई मशीनच्या खणात टाकली. सकाळी उठून बघते तर व्हॅन नाही. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती, अर्थातच. मुलांच्या आयांना फोन करून सांगावं असं मनात आलं, पण या वयात त्यांची अब्रू अशी गावभर काढायला माझी जीभ उचलेना. मग दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर व्हॅनमध्ये बसायला लागले. पहाटे, डोळ्यांवर झोप, मांडीवर केळी आणि नारळाच्या वड्या. मागे दप्तरं आदळणारी पोरं. अबाह निघाले की मी एक केळं त्यांच्या हातात द्यायची. “हे खाल्लंत तरच गाडी हलेल.” ते माझं तोंड बंद व्हावं म्हणून खायचे. त्या दिवसांत त्यांना एकदाही थरथर सुटली नाही, आणि मला दुकानाच्या कामाच्या विवंचनेत त्याचा अर्थ लागला नाही.

“केंद्रात जायचं नाही तर नका जाऊ,” मी एका सकाळी म्हणाले. “पण कुणाला तरी दाखवा.”

“क्वेककडे जाऊ,” ते म्हणाले. “तिथे डॉक्टर एक आणि तोंडही एक.”

डॉक्टर क्वेक बाजारात कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात. एकटे. नंबर लिहायला त्यांची बायको. एकच खोली, एकच पंखा. अबाह आत जाऊन ऐसपैस बसले आणि मी त्यांना कित्येक महिन्यांत इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. डॉक्टर क्वेकनी नाडी बघितली, डोळे बघितले, पावसाची चौकशी केली. इन्सुलिन किती घेता ते विचारलं. साखर कधी खूप उतरते का, तेही विचारलं.

“एकदा थोडी उतरली होती,” अबाह म्हणाले.

“गाडी वगैरे चालवता?”

“नाही,” अबाह म्हणाले. “आता कुठली गाडी. घरीच असतो.”

इतक्या सहज म्हणाले की मलाच क्षणभर खरं वाटलं. डॉक्टर लिहायला लागले. मी अबाहंकडे बघत होते आणि ते पंख्याकडे. मी गप्प बसले असते तर आम्ही गोळ्या घेऊन खाली उतरलो असतो, आणि उद्या सकाळी ती सगळी पोरं परत मागच्या सीटवर.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “हे शाळेची व्हॅन चालवतात.”

डॉक्टर क्वेकनी पेन खाली ठेवलं. अबाहंनी माझ्याकडे कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही. हस्लिंदाकडे बघितलंच नव्हतं, माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर क्वेक रागावले नाहीत. ते म्हणाले, “पाक शम, मी एकटा आहे. तुमची साखर रोज बघायला, इंजेक्शन पुढेमागे करायला माझ्याकडे माणूस नाही. केंद्रात आहे. तिथेच जा. आणि तोवर मुलांना बसवू नका. हे मीही सांगतो.”

जिना उतरताना अबाहंनी व्हॅनची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. त्या रात्री मी माझ्या चुलतभावाला, बाक्रीला फोन केला. त्याच्याकडे शाळेच्या व्हॅनचा परवाना आहे. तो फेऱ्या करायला कबूल झाला. पुढचे बरेच दिवस अबाह माझ्याशी बोलले नाहीत. भात वाढला की जेवायचे, कॉफी ठेवली की प्यायचे, आणि काही हवं असलं की मांजराला सांगायचे. “हिला सांग मीठ कमी आहे.” मी मांजरालाच उत्तरं द्यायची. घरात दोन मोठी माणसं आणि बोलायला मांजर, अशी आमची गत झाली होती.

शेवटी हस्लिंदाच घरी आली. संध्याकाळी, नर्सच्या कपड्यांत नाही, साध्या कपड्यांत. अबाह व्हरांड्यात होते. ती पायरीवरच बसली.

“पाक शम, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.”

“हो.”

“पण सांगितलं ते बरोबरच केलं.”

अबाह म्हणाले, “तुम्ही बसून माझ्याबद्दल बोलता ना? मला तिथे बसायचंय.”

“तिथे पेशंट येत नाहीत.”

“म्हणूनच.”

तिनं डॉक्टर थिलगांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला असणार. बाकीच्या पेशंटांच्याही गोष्टी तिथे निघतात. मग ठरलं की आधी पाक शम यांचा विषय घ्यायचा आणि मग त्यांनी बाहेर जायचं. मी बरोबर गेले तर चालेल.

अबाहंनी त्या दिवशी बाटिकचा शर्ट घातला आणि डोक्यावर लग्नाकार्याची काळी टोपी. बैठकीची खोली म्हणजे लसींचा फ्रिज ठेवलेली अडचणीची जागा. टेबलाभोवती पाचही जण, आणि अबाहंसाठी बाहेरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची. मी दाराला टेकून उभी.

“बोला आता,” अबाह म्हणाले. “मी इथे नाहीच असं समजून बोला.”

औषधाच्या मुलानं दोनदा घसा साफ केला. “पाक शम इंजेक्शन अगदी वेळेवर घेतात,” तो म्हणाला. “पहाटेची नमाज झाली की लगेच. एकदाही चुकवत नाहीत.”

आहाराच्या मुलीला जरा धीर आला. “खाण्याचंही ऐकतात. सकाळचा नासी लमाक, तो नारळाच्या दुधातला भात, त्यांनी पूर्ण बंद केला.”

हस्लिंदाचा हात लिहिता लिहिता थांबला. डॉक्टर थिलगांनी चष्मा काढला.

“पाक शम, नासी लमाक बंद केल्यावर इंजेक्शननंतर तुम्ही काय खाता?”

“काही नाही. बंद केलंय ना तुम्ही.”

“काहीच नाही?”

“फेरी संपल्यावर टपरीवर तेलातली रोटी चनाई खातो. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.”

आहाराच्या मुलीचा चेहरा उतरला. “मी असं नव्हतं म्हटलं की काहीच खाऊ नका. दुसरं काहीतरी खा असं—”

“काय खा ते नाही सांगितलंस, पोरी,” अबाह म्हणाले. आवाज चढवला नाही. “नासी लमाक नको एवढंच सांगितलंस. आणि हा म्हणाला इंजेक्शन चुकवू नका. दोन्ही केलं. इतके महिने तुम्ही इथे बसून माझ्याबद्दल बोलताय. एकदा मला बोलावलं असतं तर काय झालं असतं?”

मी दाराशी उभी राहून मनात म्हणत होते, केळी. मी रोज केळी चारत होते म्हणून साखर उतरत नव्हती, आणि मला कळलं नाही.

“पाक शम,” हस्लिंदा म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं सकाळी काय खाता. तुम्ही म्हणालात लैला घरी रोज शेवया करते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहाटे शेवया करते हे मलाच नवीन होतं.

“मला तुम्ही पोळी म्हणालात,” औषधाचा मुलगा हळूच म्हणाला.

“मला ओट्स,” डॉक्टर थिलगा म्हणाल्या.

अबाहंनी टोपी नीट केली. “तुम्ही सगळे तेच तेच विचारता,” ते म्हणाले, पण पहिल्याइतका जोर नव्हता.

डॉक्टरांनी तिथेच इंजेक्शनची मात्रा कमी केली आणि वेळ जेवणाशी बांधली. आहाराच्या मुलीनं समोर बसून विचारलं की पहाटे घशाखाली काय जाईल, आणि दोघांनी मिळून उकडलेलं अंडं आणि रताळं ठरवलं. मला वाटलं आता मिटलं. तर डॉक्टर म्हणाल्या, “मुलांची व्हॅन मात्र अजून काही महिने नाही. साखर स्थिर राहिली की आपण परत बघू.”

“चूक तुमची आणि व्हॅन माझी बंद?”

“चूक आमचीही आहे,” डॉक्टर थिलगा म्हणाल्या. “व्हॅन तरीही बंद.”

ते हस्लिंदाकडे वळले, त्या बैठकीत पहिल्यांदाच. त्यांना तिच्याकडून काय हवं होतं कोण जाणे. ती म्हणाली, “मी त्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायची, पाक शम. मला ती चालू राहायला हवीय. पण आत्ता नाही.”

अबाह उठले, सगळ्यांना सलाम केला आणि बाहेर पडले. व्हॅन मी चालवली. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, “गिअर इतक्या जोरात टाकू नकोस.” मांजर बरोबर नव्हतं, त्यामुळे ते मलाच होतं.

आता व्हॅन बाक्री चालवतो आणि अबाह शेजारी बसतात. त्यामुळे बाक्री रोज संध्याकाळी मला फोन करतो. “लैला, मला वळणं दिसतात. मला सांग, त्यांना सांग की मला वळणं दिसतात.” मी सांगते. उपयोग होत नाही. साखर मात्र तेव्हापासून उतरलेली नाही.

हस्लिंदाला ते पूर्वी नावानं हाक मारायचे. आता नुसतं मिसी म्हणतात, जसं कुठल्याही नर्सला म्हणतात. तिला ते लागतं, हे मला दिसतं. ती मात्र त्यांनी काही सांगितलं की आधी विचारते, “हे गटाला सांगू का?” बहुतेक वेळा ते म्हणतात, “सांग सगळ्यांना, म्हणजे मला परत सांगावं लागणार नाही.” आणि कधीतरी म्हणतात, “नको, हे राहू दे.” ते काय असतं ते मला माहीत नाही. मी बाहेर बसलेली असते.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण अबाह टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगून आले, की आपल्याबद्दलची बैठक आपल्याशिवाय होऊ द्यायची नाही, आणि मी बसलो म्हणून चूक सापडली. काल डॉक्टर थिलगांचा मला फोन आला. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी खिडकीवर जाऊन बैठकीचा नंबर मागितलाय. एकाला तर कुठला आजारही नाही. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या वडिलांना जरा समजावता का. मी म्हणाले, तुमचा गट आहे ना, कुणीतरी एकानं त्यांना समजावून बघा, मला ईदचे कपडे पुरे करायचेत.